हिरव्या गाडीचं तेल

प्रिय प्रीता,

फोनवर बोलायचं तर बाबा स्पीकर लावून शेजारी बसतात, म्हणून लिहितेय. मराठी वाचायला तुला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजीत मला हे जमलं नसतं.

इथे नेपरव्हिलला थंडी पडायला लागली. दसऱ्याला पूजा करून हिरवी गाडी काढायची, म्हणून बाबांनी गेल्या आठवड्यात तिचे शॉक ॲब्सॉर्बर भरले. गाडी तुझ्यापेक्षा म्हातारी, त्यामुळे शॉकही जुन्या पद्धतीचे. वरचं बूच काढून तेल ओतायचं आणि आतली हवा निघेपर्यंत दांडा हळूहळू वरखाली करायचा. दर वर्षी ते ओततात, मी दांडा हलवते. अख्ख्या संसारात एवढं एकच काम त्यांनी मला न ओरडता शिकवलं. या वेळी मात्र मला हाकच मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी फिरवून बघायला काढली तर ही ताठ! कोपरा येईपर्यंत माझी कंबर ढिली झाली. परत येऊन बूच उघडलं, तर आत सगळं पांढरंशुभ्र, थिजलेलं. वासावरूनच ओळखलं. बाथरूममधली खोबरेलाची बाटली रिकामी होती. आधी मला हसूच आलं. तेलाच्या जाडीवर उभा जन्म व्याख्यानं देणारा हा माणूस! मग तिथेच गॅरेजमध्ये बसून रडले.

हेअर ड्रायरने वितळवून ते काढलं, नवं तेल भरलं, एकटीनेच दांडा हलवला. हा गाढवपणा कोणी केला, म्हणून बाबा खुर्चीतून मलाच रागवत होते. माझ्याच हातून झालं म्हटलं.

वर्षभर असंच चाललंय गं. मागच्या महिन्यात बाबा गाडीत गॅस भरायला गेले, रस्ता चुकले, संध्याकाळी एका अनोळखी बाईने घरी आणून सोडलं. मी चाव्या मागून पाहिल्या. दोन दिवस जेवले नाहीत. तुला कळवलं नाही, कारण तू तिकडे चँडलरहून लगेच गाडी विका म्हणाली असतीस. आणि शॉक भरले ते तुझ्यासाठीच, तू दसऱ्याला आलीस तर धक्के बसू नयेत म्हणून. लहानपणी त्या गाडीत तुला मळमळायचं, हे मात्र त्यांना पक्कं आठवतंय.

मी दमलेय, प्रीता. आता एकटीने निभत नाही. दसऱ्याला ये आणि गाडी तू स्वतःसाठी माग. तुला गिअरची गाडी येत नाही ना, मग ‘बाबा, मला शिकव’ म्हण. तुला नाही म्हणणार नाहीत. चावी आपल्या हाताने तुला देतील आणि आपणहून शेजारच्या सीटवर जाऊन बसतील.

वाट बघणारी, तुझीच
आई