गोळाभाताच्या पानावरची चूक

बाई, तुमचा गोळाभात आता फोनवर मिळतो. खायला नाही, वाचायला. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तुमच्या घरी संस्कृत शिकायला यायचो, त्यातली ती दुसरी, पाठ म्हणताना जिला दर दोन ओळींनी ठेच लागायची, ती गेली काही वर्षं तुमच्या हातचे पदार्थ इंटरनेटवर लिहिते. तिचे वाचक नागपूरपासून दुबईपर्यंत आहेत. मी इथेच बालाघाटला कॉलेजात संस्कृत शिकवते. माझ्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा पंखे जास्त आहेत. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मत्सर हा शब्द तुम्हीच शिकवलात, अर्थ मात्र मला या महिन्यात लागला.

तिची आधीची साइट फुकटच्या तयार साच्यातली होती. उघडली की आधी जाहिराती नाचायच्या, मग फोटो एकेक करून उतरायचे, आणि शेवटी कुठेतरी मीठ. तिची राजेगावची नणंद म्हणाली, "वहिनी, तुमची भाजी खुलेपर्यंत माही जळते." तेव्हा ही माझ्याकडे आली. कॉलेजची साइट करायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि करता करता मी ते शिकले होते. "तुले सगळं येते वं," ती म्हणाली. "मले एक हलकी साइट बनवून दे. जल्दी खुलली पाहिजे, अन् खर्च नको." मी बसले. वाचणाऱ्याने दार वाजवलं की दरवेळी पान नव्याने रांधायची गरजच नव्हती. एकदाच रांधून, वाढून ठेवलेली साधी पानं केली. अशी पानं फुकटात ठेवू देणाऱ्या जागा असतात, खर्च काय तो साइटच्या नावाच्या वर्षाच्या भाड्याचा. सरकती चित्रं काढून टाकली, अक्षरं फोनची स्वतःचीच वापरली, कृती वर घेतली, फोटो खाली आणि अगदी हलके. मग किरनापूरच्या बस स्टँडवर, जिथे सिग्नल हा श्रद्धेचा विषय आहे, तिथे उभी राहून फोन उघडला. पापणी लवायच्या आत पान समोर. सूत्रकारांना दाखवावं असं लाघव साधलं होतं, बाई, एक अक्षर जास्तीचं नाही. फक्त तुमच्या लोखंडी कढईचा फोटो मी गरजेपेक्षा जरा जास्तच लहान केला. ती कढई तुम्ही तिला दिलीत. मला शब्दकोश दिलात, आणि आतल्या पानावर लिहिलंत, "जी कधी चुकली नाही तिला." मोठं बक्षीस आपलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तुमच्याकडे शिक्षा एकच होती: चुकलं की आत. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आम्ही, आत स्टोव्हपाशी तुम्ही, मध्ये विटलेला निळा पडदा. तिची चूक झाली की आतून आवाज येतो, "चला, आत या. लसूण सोला." ती उठते. मी पुढे म्हणत राहते, स्पष्ट आणि अखंड, आणि पडद्याआड हिंगाचं तेल चुरचुरतं, तुम्ही दोघी कशाला तरी हसता. मला तिची कीव येते. बिचारीला कामाला जुंपलंय. एकदा मात्र वास सहन झाला नाही आणि मी न चुकताच पडद्यापर्यंत आले. तुम्ही हातातला झारा तसाच धरून वळलात. "तुझं इथे काय काम? पाठ झाला म्हणून थांबायचं नसतं." मी परत जाऊन बसले आणि पुढचा पाठही चोख म्हटला. माझ्याइतकी गाढव मुलगी तुम्हाला दुसरी मिळाली नसेल.

मागच्या आठवड्यात सगळी पानं झाली, एक 'माझ्याबद्दल' तेवढं राहिलं होतं. त्यासाठी तिने आपलं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. त्यात मध्येच, मीठ घालावं तितक्या सहज, म्हणते, "बाईकडे मी मुद्दाम चुकायची." मी काम टाकून तिला फोन लावला.

"म्हणजे तुला पाठ येत होता?"

"हौ. तुह्या आधी यायचा. पण चुकल्याबिगर आत कोण घेत होतं वं?"

"आणि बाईंना कळलं नाही?"

"त्याईले? पयल्याच हप्त्यात समजलं. म्हणे, आज कुठं चुकणार हायेस ते आधीच सांगून ठेव पोरी, तेवढा लसूण काढून ठेवतो."

आणि मग तिने फोनवरच तो जुना पाठ म्हणून दाखवला. सलग. एक ठेच नाही. वर तुमच्या श्वासाच्या जागासुद्धा बरोबर.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणायच्या का. ती म्हणाली, "म्हणे, ती बाहेरची एखांद्या डाव तरी चुकते का म्हणून वाट पाहून राह्यली मी."

वाट पाहत होता, तर हाक का मारली नाहीत? पडद्यापर्यंत आले होते तेव्हा का परत पाठवलंत? नियम म्हणजे नियम, हे तुमचं उत्तर मला इथूनही ऐकू येतं, आणि तेही शुद्ध मराठीत. तिच्या लिखाणात तुम्ही 'काहून' म्हणता, 'मले' म्हणता, 'पोरी' म्हणता. माझ्याशी तुम्ही कधी तसं बोलला नाहीत. कढईचं राहू द्या, वाचकांचंही राहू द्या. पडद्याआड एक अख्खी दुसरी बाई होती, ती सगळीच्या सगळी तिला मिळाली. माझ्या वाट्याला आलेली बाई मी परीक्षेच्या पेपरात लिहून टाकली.

साइट आठ दिवसांपूर्वीच तयार झाली. तिला मी सांगते, अजून थोडं तपासायचंय. काल गोळाभाताच्या पानावर मी बदल केला: डाळीचे गोळे सुरुवातीलाच, तांदळाबरोबर गार पाण्यात सोडावेत. बदललेलं पान तिला पाठवलं आणि फोन शेजारी ठेवून बसले. फार वेळ लागला नाही.

"अवं, काय लिहिलंस हे? इरघळतीन ना ते गोळे! भात होत आला का मंग ठेवायचे, वरून झाकण. इतकी शिकलेली तू, अन् एवढं नाही समजत?"

"नाही समजत," मी म्हटलं.

"असं फोनवर नाही समजणार तुले. उद्या ये इकडे. बाईच्या कढईत तेल कडकडवून दाखवतो. अन् येशीन तं लसूण सोलाचा हाय, सांगून ठेवतो."

आता निघतेच आहे. पिशवीत चिन्नोर तांदूळ घेतलाय. हे पत्र शब्दकोशात, तुमच्या त्या ओळीवर ठेवून जाते. ती ओळ कालपासून खरी राहिलेली नाही. आणि बाई, झुणक्याच्या पानावरची चूकही मी करून ठेवली आहे.