चंदाले कोण सांगेल

१८ मार्च

हो म्हणली मी. बाप्पा!

सोनोग्राफीत बाळाची वार खाली सरकलेली दिसली. डॉक्टरीणबाई म्हणे, बाळंतपणात रक्त खूप जाऊ शकतं, पिशव्या तयार ठेवाव्या लागतील. केदारनं लगेच माझ्या पर्समधून कार्ड काढलं — 'कोणत्याही परिस्थितीत रक्त देऊ नये', खाली माझी सही. आमच्या प्रार्थनेच्या मंडळीत साऱ्यांजवळ असते ते. रक्तात जीव, अन् जीव देवाचा. दुसऱ्याचं रक्त अंगात घ्यायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून मीबी तेच मानते. मानत होती.

बाईनं तपासायले आत नेलं. हळूच विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?" मी म्हणलं, "द्या. पण याहिले सांगू नका, पाया पडते तुमच्या." दुसऱ्या कागदावर सही करून बाहेर आली. केदार म्हणे, घाम कावून आला एवढा?

देवाचं भेव आहेच. केदारचं त्याहून जास्त.

२९ मार्च

केदार रोज माझ्या पोटावर हात ठेवून प्रार्थना करते. मी डोळे मिटून त्या कागदाचाच विचार करते. मंडळीले समजलं तर बाहेर काढतील, मग कोणी बोलणार नाही. ॲक्सिडेंटमध्ये रक्त घेतलं म्हणून माणिकबाईंशी केदारनं बोलणं सोडलं — सख्खी मावशी त्याची! मी तर बायको.

६ एप्रिल

पोट्टी झाली. दोन पिशव्या लागल्या. ऑपरेशनच्या खोलीतच संपल्या, घरच्या कोणाले काही समजलं नाही.

११ मे

रविवार. केदार मंडळीत उभा राहिला. पोट्टीले हातावर घेऊन साऱ्यांले सांगितलं — एक थेंब न घेता देवानं दोघींले वाचवलं. बाया रडल्या. बापूसाहेब, आमच्या मंडळीतले मोठे, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "पोरी, तुझा विश्वास पाहून आम्ही शिकावं." मी मान खाली घातली. त्याहिले वाटलं लाजली!

चंदा आली होती अकोल्याहून. केदारची लहान बहीण, सातवा चालू आहे. पांढरीफट दिसते. निघताना मले बाजूले ओढून म्हणे, "वैनी, माह्यं हिमोग्लोबिन सहाच भरलं. तुले भेव नाही वाटलं?"

मी म्हणलं, "देव असते ना."

कावून म्हणलं मी असं? जीभ कशी झडली नाही माझी!

१२ मे

चंदाले फोन करायचा आहे. उद्या नक्की.

१९ मे

नाही केला. पोट्टीले पाजताना मनात सारं जुळवते, कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं. फोन हातात घेतला की केदार घरात येते. अन् चंदानं त्याले सांगितलं तर? तिच्या पोटात कायची गोष्ट राहते!

२ जुलै

सकाळी दहाले अमोलचा, चंदाच्या नवऱ्याचा फोन. पोरगा झाला. पण चंदाचं रक्त थांबून नाही राहिलं. डॉक्टर विनवण्या करून राहिले, रक्त घे म्हणून. चंदा नाहीच म्हणते — "वैनी वाचली तशी मीबी वाचीन." अमोल रडून राहिला होता. केदारनं फोन ठेवला अन् भिंतीकडे तोंड करून बसला.

तीनदा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तीनदा परत स्वयंपाकघरात आली. सांगितलं तर माझं घर गेलं, पोट्टीबी घेऊन जातील. नाही सांगितलं तर चंदा गेली.

अकरा वाजून राहिले अन् मी इथं कागद खरडून राहिली! जाते. हाकलू दे मले.

३ जुलै

काल केदारले सारं सांगितलं. तो ओरडला नाही. म्हणे, "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरीणबाईनं मलेबी बाहेर येऊन विचारलं होतं. मीबी द्या म्हणलो. तुले कळू देऊ नका म्हणलो."

मग त्यानंच अमोलले फोन लावून दोघांचंबी सांगितलं. अमोल एवढंच म्हणे, "दादा, आता कायले सांगता?"

चंदा अकरालेच गेली होती.