नखाने पारखलेला दिवा

आई, काल दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढेत मऊ लगदा भरला, त्यावर निळ्या उजेडाची कांडी धरली आणि बघता बघता तो कडक झाला. खुर्चीत पडल्या पडल्या मला रडू आलं. दुखतंय का, असं त्या विचारत राहिल्या. दुखत नव्हतं, तू आठवली होतीस.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी कॉलेजात सायन्सला, तू नगरच्या एमआयडीसीत फायबरच्या शेडमध्ये. पाण्याच्या टाक्या करायच्या, काचेच्या कापडावर रेझिनचा चिकट रस चोपडायचा, रोलरनं हवा काढायची. तुझ्या बोटांत कायम काचेची कुसं रुतलेली. एकदा मालकांनी गोव्याच्या हॉटेलवाल्याची ऑर्डर घेतली, समुद्राच्या लाटेवर उभं राहायच्या फळ्यांची. तू समुद्र पाहिला नव्हतास. "पान्यावर हुबं ऱ्हायचं? जमिनीवर जागा न्हाई का लोकांना?" म्हणालीस, आणि पहिली फळी इतकी गुळगुळीत घासलीस की मालक तिच्यावरून हात फिरवत राहिले.

त्या फळीवर चोपडायला मुंबईहून वेगळं रेझिन आलं होतं. त्यात घट्ट करणारं हार्डनर नाही. उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनीच ते घट्ट व्हायचं. आपल्या नगरला उन्हाचा काय तोटा, म्हणून एक नमुना अंगणात नेला, तर निम्मं चोपडून होतंय तोवर ते ब्रशसकट आळलं. शेवटी खिडक्यांना गोणपाट लावून शेडमध्येच दिव्याखाली करायचं ठरलं. दिवा निवडायचं काम तू मला मिळवून दिलंस. "माजी लेक सायन्सला हाय," अख्ख्या शेडपुढे म्हणालीस. मी दुकानातून तीन दिवे आणले: रस्त्यावरचा मर्क्युरीचा, ऑर्केस्ट्रात पांढरे शर्ट चमकवणारी काळी ट्यूब, आणि दवाखान्यात जंतू मारायला लावतात ती स्वच्छ काचेची नळी. माझा सगळा जीव त्या नळीवर, कारण पुस्तकात तिचे किरण सगळ्यात जोरदार होते. तिन्हींखाली रेझिन चोपडलेला एकेक तुकडा ठेवला. तू दर दोन मिनिटांनी वाकून नख दाबून बघत होतीस, सगळ्यात जास्त माझ्या नळीखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे डोळे उघडेनात. वाळू भरल्यासारखं होतंय, म्हणालीस. डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगवाल्यांना होतं तसं झालंय, पण जरा जास्तच. नजर कितपत राहिली ते पट्टी काढल्यावर कळेल. दुपारी मालक तिन्ही तुकडे घेऊन आपल्या खोलीवर येतात, कारण शेडमध्ये कुणालाच ठरवता येत नाही. तू खाटेवर बसलेली, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पहिल्यावर बोट टेकवतेस. "ह्यो चिकट हाय अजून." दुसऱ्यावर नख दाबतेस, मग कानाशी धरून वाजवतेस. "ह्यो वरनं पिकल्यावानी हाय, आत कच्चा." तो माझ्या नळीखालचा. तिसरा वाजवून तू नुसती मान हलवतेस. "ह्यो घ्या. ह्याचा आवाज आरपार जातोय." तो काळ्या ट्यूबखालचा. मालक हात जोडतात, आणि तुला ते दिसत नाही. पुढे सगळ्या फळ्या त्याच ट्यूबखाली झाल्या. आज हे सगळं मोजणारी यंत्रं माझ्या हाताखाली आहेत, तरी त्या दुपारचं नवल माझ्या मनातून ओसरत नाही.

मालक गेल्यावर तू विचारलंस, "दुकानदार काय बोलला हुता का गं, नळीबद्दल?" मी नाही म्हणाले. "मंग तुजा काय दोष," म्हणत तू चाचपडत माझं डोकं शोधलंस. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तुला पहिल्यासारखं दिसायला लागलं. मी आधी देवळात जाऊन आले, मग तुझ्यासमोर.

तू जाऊन बावीस वर्षं झाली. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. दुकानदार बोलला होता, आई. नळी कागदात गुंडाळताना दोनदा म्हणाला, उघड्या डोळ्यांनी बघू नका. ते सांगितलं असतं तर मालकांनी ती लावूच दिली नसती, आणि मला माझी नळी जिंकायला हवी होती. तू वाकलीस तेव्हा हाक मारायला मी तोंड उघडलं होतं, मग मिटलं. मी स्वतः मात्र सगळा वेळ मान फिरवून उभी होते.