फ्लेक्सवरची शास्त्रज्ञ

१५ ऑगस्ट, गुरुवार

शाळेच्या फाटकावर माझा फ्लेक्स! पदवीदानाचा फोटो आणि खाली टपोऱ्या अक्षरांत — ‘गावाची शान, शास्त्रज्ञ कु. उर्वशी मुखरू मोहुर्ले’.

शास्त्रज्ञ! गडचिरोलीच्या एका खासगी लॅबमध्ये मी लोकांचं रक्त घेते. नळ्यांवर नावं चिकटवते, मशीनला लावते, रिपोर्ट छापते. वेळ पडली तर फरशीही पुसते. घरी मात्र दोन वर्षांपासून माझं ‘हॉस्पिटलात संशोधन’ चालू आहे. तो शब्द बाबांचा. मी फक्त खोडला नाही.

हेडसरांनी माइक दिला. बायोमेडिकल सायन्स करून पुढे काय, यावर बोल म्हणाले. बोलले की! संशोधन, लस, औषध कंपन्या, फॉरेन्सिक, परदेश — कॉलेजच्या माहितीपत्रकात होतं तसंच्या तसं, त्याच क्रमाने. ते वाचूनच तर मी प्रवेश घेतला होता. अजून पाठ आहे. टाळ्या पडल्या. शाल, नारळ, सगळं झालं. बाबा शेवटच्या रांगेत उभे होते. पायावर धानाच्या बांधीतला चिखल तसाच. त्यांच्याकडे मी बघितलंच नाही.

१६ ऑगस्ट

सकाळी बसला निघत होते तर गावातले इतवारीकाका दारात. सोबत त्यांची थोरली, दीपिका. बारावी सायन्स झाली आहे. तिचा चंद्रपूरला नर्सिंगला नंबर लागलाय, सरकारी जागा. पण पोरीला परगावी ठेवणार नाही म्हणून काका महिनाभर अडून बसले होते. काल भाषण ऐकलं आणि विरघळले.

“तुयासारखी होत असन तं धाडतो मी,” म्हणाले. “पन नर्सिंग नाई. तू केलं तेच. नागपूरले.”

दीपिका एकटक माझ्याकडे. ताई, तुमी सांगान ते, म्हणाली. नर्सिंगला ३ सप्टेंबरपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा जाते, हेही तिनेच सांगितलं.

आणि मी? ‘विचार करून सांगते, बस येईल आता.’ बस यायला वीस मिनिटं होती!

२० ऑगस्ट

सरकारी भरतीची जाहिरात आली. लॅब टेक्निशियन. पात्रता — डीएमएलटी, लॅबच्या कामाची पदविका. माझी एमएस्सी तिथे चालत नाही. म्हणजे रोज जे काम करते त्यालाही मी कागदावर लायक नाही. हे लिहा ना फ्लेक्सवर.

दीपिकाचे दोन फोन. उचलले नाहीत.

२४ ऑगस्ट

‘नर्सिंग सोडू नकोस, मी खोटं बोलले.’ दीपिकाला तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

आज नको तेच झालं. एका म्हाताऱ्या आजीची नस सापडेना. दोन्ही हात टोचून झाले, बिचारी हूं की चूं करेना. तिसऱ्यांदा मिळालं, तर घाईत नळी हातातून सुटली. फरशीवर रक्त. समोर बाकावर आठ-दहा जण बसलेले. लॅबचे मालक गुणवंतराव आतून आले. ते स्वतः डीएमएलटी, पण हात असा हलका की सुई गेलेली कळत नाही.

“एमएस्सी करून आली, साधी नस नाई सापडत तुले! पूस ते.”

उकिडवी बसून ब्लीचने पुसलं. एकदा नाही, दोनदा. वाईट याचं वाटतं की ते चूक नव्हते. पाच वर्षांत पेशींच्या आत काय चालतं ते सगळं शिकवलं, नस धरायला कोणी शिकवलं नाही. मान वर केली तर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. ओढणीने तोंड गुंडाळलेली एक मुलगी तेवढी दारातून बाहेर पडत होती, नंबर न घेताच. तुझ्यामुळे पेशंट परत जातात, म्हणून गुणवंतराव पुन्हा बोलले.

३१ ऑगस्ट

तीन दिवस उरलेत. दीपिकाचे फोनही थांबले. सोमवारी पोळ्याची सुट्टी आहे. गावाला जाईन आणि तोंडानेच सांगेन. फोनवर मला जमणार नाही. खरं तर तोंडावर तरी कुठे जमणार आहे, पण जाईन.

२ सप्टेंबर, पोळा

बसमधून उतरले ती थेट इतवारीकाकांच्या घरी. घरी आधी गेले असते तर पुन्हा हिंमत झाली नसती.

फ्लेक्स त्यांच्या दारापुढच्या छपरीला! काकांनी शाळेतून मागून आणला म्हणे. पावसाच्या बाजूने दोरीने ताणून बांधलाय. माझ्या गालावर चिखल उडालेला, ‘शास्त्रज्ञ’ मात्र स्वच्छ. दीपिकाची धाकटी बहीण मयुरी, आठवीतली, पाणी घेऊन आली. एकदा फ्लेक्सकडे बघे, एकदा माझ्याकडे.

दीपिका कुठी आहे, विचारलं. तिची आई खुशीत होती.

“ते तं गेली ना बाई! शुक्रवारीच तिचे बाबा पोचवून आले. चंद्रपूरले, नर्सिंगले.”

काका तर नको म्हणत होते, असं काहीतरी मी पुटपुटले.

“तूनंच तं सांगतलं तिले! मंगळवारी गडचिरोलीले आली होती ना तुयाकडं? घरी येऊन बाबाले म्हणे, ताई म्हणते पहिले नर्सिंगच कर. तू म्हणतं म्हटल्यावर ते नाई कसे म्हणतीन?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

मंगळवारी. म्हणजे ती ओढणी.

पोरीची जागा वाचली, पण मी वाचवली नाही. तिने मला ब्लीचची बादली घेऊन उकिडवी बसलेली पाहिलं, गुपचूप परत आली, आणि घरी सांगताना नाव माझंच घेतलं. शहाणपण तिचं, मान मला. माइकवर खोटं बोलताना वाटली नव्हती इतकी लाज आज वाटते आहे.

वाटेत हेडसर भेटले. गुरुवारी शिक्षक दिन, पुन्हा बोलायला ये म्हणाले. येते म्हटलं. या वेळी खरंच बोलणार. इथे लिहून ठेवते म्हणजे पळता येणार नाही — मी शास्त्रज्ञ नाही. मी रक्त घेते आणि तेही अजून नीट येत नाही.

बाबांना आधी सांगायला हवं होतं. ते बैलाच्या शिंगांना रंग लावत होते. संशोधन कसं चाललंय, विचारलं. बरं चाललंय म्हटलं.

४ सप्टेंबर

उद्याची अर्धी रजा मागितली. गुणवंतराव म्हणाले, कायले? शाळेत भाषण आहे म्हटलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळेत पाय ठेवते तोच दीपिकाचा मेसेज. ‘ताई, आज तुमचं भाषण हाय म्हणे, मयुरीनं सांगतलं. मी पाह्यलं होतं तुमाले त्या दिवशी. कोनाले बोलली नाई. तुमी बी नका बोलू. एवढं शिकून हेच करा लागते म्हटलं तं बाबा मले वापस आनन, अन मयुरीची शाळा सोडवन.’

माइक हातात आला. संशोधन, लस, औषध कंपन्या, फॉरेन्सिक, परदेश. त्याच क्रमाने.

पहिल्या रांगेत मयुरी होती. वहीत सगळं उतरवून घेत होती.