कोपरा नसलेली टीम

सोम. ५ जाने.

ब्लाउजांचा ढीग तसाच टाकून दुकान लवकर बंद केलं. ग्राउंडवर पोरी माझ्या आधी हजर, कधी नव्हे त्या. कारण एक पाहुणे आले होते, विक्रम सर म्हणून. पांढरी गाडी, पांढरे बूट, आणि उभे आमच्या दहिवलीच्या लाल मातीत. म्हणे आखातात फुटबॉलची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. तिथे येणाऱ्या लोकांना आपले खेळ दाखवायचे, म्हणून मुलींची कबड्डीची टीम न्यायची. विमान, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडून. खेळ एक-दोन दिवस, बाकी महिनाभर पाहुण्यांच्या स्वागताचं काम.

आफ्रीन माझ्या कानाशी येऊन, "ताई, मी तर खिडकीतच बसणार." म्हटलं, बाई, आधी बोनस रेषेपर्यंत तर जा.

मलाही आनंद झाला, खोटं कशाला लिहू. एवढी वर्षं या कार्ट्यांना मातीत लोळवतेय, खोपोलीच्या पलीकडे कुणी विचारलं नव्हतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला पण नेतायत का? मग मी जेवायचं कुठं?" यांचं विमान डाळभातावरच उतरतं.

मंगळ. ६

आज निवड. ही कसली निवड? सर खुर्चीत बसले, पोरींना एकेक करून उभं केलं, समोरून फोटो, बाजूने फोटो. उंची विचारली. चढाई एकीचीही बघितली नाही.

घेतलं कुणाला, तर आफ्रीन ठीक, शेलूहून येणारी सोनाली ठीक, दोघी चढाईच्या वाघिणी. पण पूनम? ती बहिणीला न्यायला येते आणि बांधावर बसून मोबाईल बघते. तिला घेतलं. आणि आमच्या कविताला वगळलं. कविता म्हणजे डावा कोपरा, सगळी पकड तिच्यावर. तिच्या हातात घोटा आला की समोरची पोरगी मध्यरेषा विसरते. सर म्हणाले, "हिला राहू दे, फोटोत बसत नाही."

कविता हसली आणि सगळ्यांसाठी पाणी आणायला गेली. ते हसू मला माहितीय. संध्याकाळी दुकानात आली, हुक लावत बसली. मी चहा केला, मस्का पाव दिला. ती नको म्हणाली. कविता आणि पावाला नको?

मी सरांना विचारलं, वजन कधी करायचं? आमच्याकडे स्पर्धा म्हटलं की आधी वजन, भाताच्या गिरणीच्या काट्यावर. आदल्या दिवशी पोरी उपाशी, स्वेटर घालून पळतात, काट्यावर चढताना कानातलीसुद्धा काढतात. सर म्हणाले, "वजनाचं काय काम आहे?"

वजनाचं काय काम. कबड्डीत.

शुक्र. ९

नाक्यावर फ्लेक्स लागला. 'आंतरराष्ट्रीय कबड्डीपटूंचे हार्दिक अभिनंदन.' सातही पोरी, वर नेते, खाली शुभेच्छुक, त्यात गावचा केबलवालापण. सत्कार झाला. शाली, नारळ. पूनमच्या गळ्यात हार घातला तेव्हा ती माझ्याकडे बघून लाजली, तिलाही कळत होतं.

मी घरी येऊन भांडी आपटली. हे म्हणाले, "फ्लेक्सवर तुझा फोटो नाय म्हणून फुगलीस."

"माझा फोटो गेला चुलीत. सात जणींत कोपरा कोण, ते सांगा."

हे स्वतः खेळलेत, गुडघा त्यातच गेलाय. घास हातात धरून विचार करत बसले. मग म्हणाले, "नाय गं. दोन्ही कोपरे नायत."

रवि. ११

आफ्रीनकडे दावत. तिच्या अम्मीने, जुबेदाभाभींनी, गोड सांदण केलं होतं, वर मटण. पार रोह्याहून नातेवाईक आलेले. सोनालीला आफ्रीनने ताटाशी बांधूनच ठेवलं होतं. त्या दोघी म्हणजे एक चढाईला गेली की दुसरीचाच दम लागतो.

आफ्रीनचे अब्बा रज्जाकभाई, कोंबड्यांचा टेंपो चालवतात. त्यांच्या घरातले निम्मे बाप्ये आखातात राहून आलेत. मला दारात गाठून हळूच म्हणाले, "ताई, आमच्यात इतके जण तिकडं गेले. पण फुकट न्हेणारा एजंट मी जन्मात बघला नाय." मग विचारत का नाही? "आता काय विचारू, फ्लेक्स लागला. पावणे जेवतायत." धाकट्या भावाला मात्र निरोप टाकलाय, तो तिकडेच टॅक्सी चालवतो.

मी आफ्रीनला आत बोलावून विचारलं, डाव्या कोपऱ्याला कोण उभी राहणार?

ती म्हणाली, "ताई, तुमाला न्हेत नायत म्हणून असं बोलताय ना?"

चप्पल घालून निघून आले. सांदण अजून तोंडात गोड होतं. या पोरीच्या पहिल्या शॉर्ट पँटला घरातून नाही म्हणाले, तेव्हा मीच गुडघ्याखालची पँट शिवून दिली होती. तिने असं म्हणावं. रडले जरा.

मंगळ. १३

रज्जाकभाईंच्या भावाचा फोन आला. तिकडे चार ठिकाणी विचारलं, कबड्डीचं कुणी नावही ऐकलं नाही. त्याने भावाला बजावलं, मी सांगेपर्यंत पोरीला घराबाहेर काढू नको.

जुबेदाभाभींनी डोकं धरलं. "पावण्यांना काय सांगू? सगळ्यांनी आहेर केलाय." आफ्रीन खोलीचं दार लावून बसली. चाचा चाळीस गोष्टींना नाही म्हणतो, असं दाराआडून ओरडली.

आणि दुसरं. सोनाली काल कुंभिवलीला गेली. तिचा पासपोर्ट मागेच एका नोकरीसाठी काढलेला, म्हणून सरांनी तिला आधी बोलावलं. हायवेच्या हॉटेलात, ड्रेसच्या मापाला. मुक्काम करून येते, असं आईला सांगून गेली.

मी आयुष्यभर मापं घेतेय. छाती, कंबर, उंची, बाही. मापाला मुक्काम लागत नाही. फोन केला, लागला. म्हणाली, "बरी हाय ताई. दोन दिवसांनी सरांबरोबरच येते." मागे टीव्ही चालू होता. मी म्हटलं, आत्ता ये, हे न्यायला येतील. "नको नको, सर रागावतील." तिकडून तिने फोन ठेवला.

हे स्कूटर काढून गेले. हॉटेलवाला म्हणाला, सकाळीच गाडीतून गेले, मुलगी होती बरोबर.

बुध. १४

संक्रांत. तीळगूळ कुठला गोड लागतो. सकाळीच सोनालीच्या आईला, सुमनताईंना, शेलूहून बोलावून घेतलं. त्या नवीन बिल्डिंगांत झाडू-फरशी करतात. कामाच्या साडीतच आल्या. पोलीस ठाण्यात गेलो. मला वाटलं, पोरगी सज्ञान, स्वतःहून गेली, हाकलून देतील. पण जाधव मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "मोठी स्पर्धा जगात कुठंही असली की असले लोक आधीच गावोगाव फिरतात. बाकीच्या मुली घरात आहेत ना? त्यांना सांभाळा. तो परत आला तर आम्हाला कळवा, अडवू नका."

सुमनताई बाहेर येऊन म्हणाल्या, "ती फोनवर हसत व्हती ओ." तेवढंच सारखं म्हणत राहिल्या.

गुरु. १५

तो आला. उरलेल्या सहा जणींना न्यायला. एकटाच. सोनाली पुढे मुंबईला ट्रेनिंगला आहे म्हणाला.

जाधव मॅडमना फोन लावला आणि ग्राउंडवर हळदीकुंकू ठरवलं. वेळ काढायचा होता, दुसरं काही सुचलं नाही. सगळ्या आया आल्या, जुबेदाभाभीपण तीळगुळाला आल्या. म्हटलं, सर, जायच्या आधी टीमचा मैदानातला एक फोटो होऊ द्या. तुमच्या हातांनी उभ्या करा, सोनालीच्या जागी कविता राहील.

त्याने उभं केलं. दोन्ही कोपऱ्यांना उंच पोरी, शोभून दिसाव्यात म्हणून. आफ्रीन कोपऱ्यात. कविता मधोमध, मागे लपवून. पूनमला मध्यरेषेवर, तोंड आमच्याकडे, पाठ समोरच्या संघाच्या मैदानाकडे.

बायका आधी हसल्या. गावातली प्रत्येक बाई कबड्डी बघत मोठी झालेली, निम्म्या तर खेळलेल्या. पूनमची आजी म्हणाली, "अरं, ती पाठ करून कुणाला धरनार?" पुन्हा हसू. मग एकेक करून थांबलं. जुबेदाभाभींच्या हातातला तीळगूळ हातातच राहिला.

मी म्हटलं, सर, यातलं निदान कोण घेणार?

तो म्हणाला, "ते तिकडचे कोच बघतील."

निदान कुणी घेत नाही. निदान ही मैदानावरची रेषा आहे, चढाईत ओलांडायची.

आफ्रीन कोपऱ्यातून निघाली, चालत कवितापाशी गेली आणि तिचा हात धरला, साखळीत धरतात तसा. मग बाकीच्यापण गेल्या. पूनमसुद्धा. त्याला कळलं काहीतरी बिनसलंय. फोन कानाला लावून गाडीकडे गेला. आम्ही अडवलं नाही, मॅडमनी सांगितलं होतं. पोलिसांनी त्याला खालापूरच्या पुढे धरलं, असं सात वाजता कळलं.

पण गाडीत सोनाली नव्हती. तो म्हणतो, त्याचं काम फक्त पोरी पोचवायचं, पुढचं माहीत नाही.

शनि. १७

आफ्रीन सकाळी दुकानात. डोळे सुजलेले. माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसली. मी कात्री खाली ठेवली नाही, रागावले होते ना. ती म्हणाली, "ताई, सोनाली म्हणाली व्हती आपण बरोबर जाऊ. मीच तिला म्हटलं, तू हो पुढं, खिडकी धर."

मग कसला राग नि काय. तिचं डोकं मांडीवर घेतलं. गिऱ्हाईक दारात येऊन परत गेलं, जाऊ दे. वेडी पोर. तिला म्हटलं, तिला पोचवणारी तू नव्हतीस. किती कळलं कोण जाणे.

दुपारी पोरींनीच फ्लेक्स उतरवला. कविताने शिडी धरली. लोक बघत होते, बघू देत. ह्यांनी तो घरी आणून सरपणावर टाकला. वरून बघितलं तर सगळे नेते उलटे झोपलेत. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि लगेच सोनालीचा फोटो दिसला. तेवढा भाग घडी करून आत घेतला.

गुरु. २२

मी, आफ्रीन, कविता, रज्जाकभाईंच्या टेंपोतून. कोंबड्यांचा वास अजून नाकात आहे. कर्जतपासून खालापूरपर्यंत जिथे जिथे पोरींची टीम आहे तिथे गेलो. आफ्रीन बोलते, मला वाटलं होतं त्याहून बरं बोलते. "कुणी न्ह्यायला आला तर आधी इचारा, वजन करनार का. कोपरा कोन, ते इचारा. आनि आपल्या ताईला घेतल्याबिगर गाडीत बसू नका." एका गावात पोरी म्हणाल्या, हो, तो पांढऱ्या बुटांचा येऊन फोटो काढून गेलाय. तिथल्या सरांनी लगेच आयांना बोलावलं.

परतताना कविताने वडापाव खाल्ले. तीन. आकडा लिहून ठेवते, जीवाला बरं वाटलं.

सोनालीचा फोन बंदच.

सोम. २६

झेंडावंदनानंतर ग्राउंडवर सराव. सुमनताई रोज कामावरून इथेच येतात आता, बांधावर बसतात. पोरी त्यांना गराडा घालतात, चहा पाजतात. काल आफ्रीनने त्यांच्या केसांना तेल लावलं. त्या म्हणाल्या, घरी गेलं की भिंती दिसतात, इथं पोरी दिसतात. मी एक ब्लाउज शिवून दिला. पैसे देत होत्या, मी भांडले.

गुरु. २९

दुपारी जाधव मॅडमचा फोन. नवी मुंबईत एका फ्लॅटमधून पोलिसांनी काही मुली सोडवल्या. एकजण विशीच्या आतली, सावळी, उंच. नाव सांगत नाही. घाबरलीय, पोलिसांशीही बोलत नाही. फोटो पाठवता येत नाही, येऊन बघा म्हणाल्या.

आम्ही निघतोय. रज्जाकभाई टेंपो धुताहेत, कशाला धुताहेत विचारलं तर म्हणाले, पोरीला त्या वासात कशी आणू. आफ्रीन पुढे जाऊन बसलीसुद्धा. म्हणाली, मला बघितल्यावर बोलेल ती.

सुमनताईंनी सोनालीचा ड्रेस आणलाय, पिवळा, घडी मोडलेली नाही. टॉवेल, तेलाची बाटली, चपला. पिशवी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तुमीच द्या ना, तुमी येताय की.

"येते. पन धरा तुमी," म्हणाल्या. "माझी नसली, तर माझ्याच्यानं देववनार नाय. तुमी द्या तिला. जी कोन असंल तिला. परत आनू नका."

टेंपोचा हॉर्न वाजतोय. जाते.