वकिलांचा ड्रायव्हर

३ फेब्रु., सोम.
मेंबरांची सुट्टी, म्हणजे गोल्फचं ग्राउंड आम्हा बॅगा उचलणाऱ्या कॅडींचं. आजपण वकिलांच्या ड्रायव्हरनं, म्हणजे लांब मारायच्या काठीनं, खेळलो. आमच्या सगळ्या काठ्यांना जुन्या मालकांची नावं. डॉक्टरांची सात नंबर, पाटलीणबाईंचा बॉल भोकात ढकलायचा पटर. त्यांनी टाकल्या, आम्ही उचलल्या. वकिलांनी हा ड्रायव्हर रागात बाभळीवर हाणलेला, तवापासनं तोंड वाकडं, बॉल उजवीकडं पळतो. त्याला सरळ आणायला मनगट किती वळवायचं ते फक्त मला ठाऊक. दिग्या एवढा जिगरी, त्याला अजून जमलं न्हाय.
कोच सर म्हणाले, हाताखाली शिकवायला तुमच्यातला एकजण घेणार. कायमचा. १५ ला चाचणी. लोकांच्या बॅगा उचलणं सुटेल. मग कॉलेजातल्या ऋतुजाला तोंड दाखवता येईल. कुठं आहे कोण जाणे.

५ फेब्रु., बुध.
ऋ. आली. इथं, ग्राउंडवर! पुण्याच्या कुठल्या दुकानानं नव्या काठ्या आणि बॉलचा वेग-दिशा मोजायचं मशीन देऊन महिनाभर पाठवलीय. कॉलेजात तिच्या मागच्या बाकावर बसायचो. तिनं इंजिनिअरिंग पुरं केलं. मी सेकंड इयरला एका प्राध्यापकाची कॉलर धरली अन् कॉलेजाबाहेर.
"सुहास? तू इथं?"
खांद्यावर मेंबराची बॅग. म्हटलं, "व्हय, असंच फिरायला आलतो."
खुळा कुठला.

८ फेब्रु., शनि.
दिग्यानं नवा ड्रायव्हर मारून बघितला. डोकं नारळाएवढं. बॉल काठीच्या तोंडाच्या पार कडेला लागला, तरी सरळ आणि लांब. दिग्या नाचतोय, "भावा, हिला डोळं हायत की!"
मी म्हटलं, "मग हाताचं काय काम? काठीलाच घ्या नोकरीवर."
ऋ. म्हणाली, "चुकीची शिक्षा कमी करते ती. एवढंच."
"शिक्षाच नसंल तर कोण कशाला शिकंल?" ओरडलोच बहुतेक. मेंबर वळून बघायला लागले. ती वायरी गुंडाळत बसली, वर बघितलं नाही.
सॉरी म्हणायला गेलतो. न म्हणताच परत आलो.

१० फेब्रु., सोम.
जुन्या काठ्यांनी खेळलो, दिग्याला धुतला. बरं वाटायला पाहिजे होतं. नुसताच थकवा. घरी आई, "बॉलच्या मागं पळून जल्म काढणार हाईस व्हय?" आमच्या बावड्यात दुपारपासनं साखर कारखान्याच्या मळीचा वास. जेवण गेलं नाही.

११ फेब्रु., मंगळ.
चाचणीला सगळ्यांच्या हातात ऋ.चा नवा ड्रायव्हर देणार. सरांशी भांडलो. सर म्हणाले,
"शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातात काय वकिलांचा ड्रायव्हर देणार हाईस?"
ऋ. म्हणाली, आधी येऊन सराव कर. म्हटलं, गरज न्हाय. का म्हटलं असं...

१५ फेब्रु., शनि.
माझे सगळे बॉल डावीकडं. एक तळ्यात, बाकीचे झाडीत. जेवढा जोर लावला तेवढे जास्त डावीकडं. दिग्याचे मधोमध. त्यातले निम्मे कडेला लागलेले, आवाजावरनंच कळतं. काठी आपटायला हात वर गेला. वकील आठवले, खाली घेतला.
सर म्हणाले, छोट्या मारांत तूच पुढं, म्हणून अजून एक संधी. पुढच्या शनिवारी तू आणि दिग्या. काठी तीच.
ऋ.नं मशीनच्या पडद्यापाशी बोलावलं. वाटलं, आता ऐकवणार.
"हे बघ. प्रत्येक वेळी मनगट तेवढंच वळलंय. इतकं सारखं मी एकाही मेंबरचं बघितलं नाही. तू चुकत नाहीयेस, सुहास. वाकड्या काठीची चूक दुरुस्त करतोयस. ही वाकडी नाहीये."
पाणी प्यायला म्हणून लांब गेलो.

१७ फेब्रु., सोम.
सगळे कॅडी खेळायला. मी मशीनपुढं. ऋ.नं मनगट धरलं. (धरलं!) "वळवू नको. काहीच करू नको." काहीच न करणं किती दमवतं. दुपारपर्यंत नुसतं डावीकडं. मग एक गेला, सरळ. मग दुसरा. तिनं टाळी वाजवली. इतके दिवस हीच टाळी मनात धरून होतो, आणि ती बॉल कडेला लागला असताना मिळाली. माझ्या हाताला कळलं. तिला पडद्यावर दिसलं असेल, बोलली नाही.
संध्याकाळी जुना ड्रायव्हर घेतला. बॉल उजवीकडं, कुंपणापार, उसात. परत मारला. परत उसात.
दिग्या हसला, "काय रं, इसरलास व्हय?" माझं तोंड बघून हसू गिळलं.
महिना संपला की ऋ. तिच्या काठ्या घेऊन पुण्याला. शनिवारी दिग्या जिंकला तर हातात ना नवी काठी राहणार, ना जुनी जमणार. आता हा सराव थांबवला तर जुना हात कदाचित परत येईल. कदाचित.
तिला विचारलं, "जुनं परत जमंल का?"
"परत कशाला हवंय?"
मी जुना ड्रायव्हर बाजूला ठेवला. सकाळी लवकर ये म्हणाली. येतो म्हटलं.