शेवटची सोळा पानं

रवि., ९ नोव्हें.
बूढ़ापारा मोहल्ल्यात आमच्या वाचनगटाची बैठक. मंडळाच्या खोलीत पाचजण. बोडखे काका नव्हते, गुडघा धरलाय.

शरयूताई दिवाळीला नागपूरला गेल्या होत्या. तिथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना माझं पुस्तक मिळालं. माझं म्हणजे तेच, जे मी चार वर्षं एकेकाच्या गळ्यात मारत आलोय. वाटलं, खूश होऊन सांगतील. त्यांनी पुस्तक नुसतं पुढे सरकवलं.

"वासुदेवभाऊ, शेवट तुम्ही सांगता तसा नाहीच हो. तुमच्या शेवटानंतर अजून सोळा पानं आहेत."

हसलो. म्हटलं, आवृत्ती वेगळी असेल. त्यांनी दोन्ही प्रती शेजारी उघडून ठेवल्या. आवृत्ती तीच. माझ्या प्रतीत पान १७६, पूर्णविराम, की लगेच पुठ्ठा. त्यांच्या प्रतीत पुढे १७७. थेट १९२ पर्यंत.

रामटेके उरल्याच्या मिलमधली शिफ्ट संपवून आलेला, केसांत तिथली धूळ तशीच. म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर गाडी आउटर सिग्नललेच थांबवली अन् सगळ्यायले सांगितलं, उतरा, स्टेशन आलं!" सगळे हसले. मीही हसलो. मग एकदम काका आठवले आणि हसू गेलं.

रामटेकेच्याही लक्षात आलं. हळूच म्हणाला, "काकाले मी सांगू का?"
म्हटलं, नको. मी दिलं, मीच सांगतो.

सोम., १० नोव्हें.
सकाळी पूजेत लक्ष लागलं नाही. माळ दोनदा चुकली.

ऑफिसला जाण्याआधी माझी प्रत नीट पाहिली. सातवीत होतो तेव्हा हस्तकलेच्या तासाला गुरुजी शाळेतली फाटकी पुस्तकं आमच्याकडून बांधून घेत. पुस्तक उसवायचं, फॉर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दुमडलेले गठ्ठे, वेगळे करायचे, क्रमाने लावायचे, दाभणाने टोचून शिवायचे, कणकेच्या खळीने पुठ्ठा चिकटवायचा. हे पुस्तक मी बांधलं. छान बांधलं म्हणून गुरुजींनी मलाच देऊन टाकलं. तेव्हा कोण आनंद.

शेवटचा फॉर्मा राहिला तो माझ्याच हातून. कुठे राहिला? खिडकीतून वाऱ्याने उडाला, की दुसऱ्या कुठल्या पुस्तकात शिवला गेला? तसं असेल तर गावातल्या कुणीतरी भलत्याच गोष्टीला हा शेवट लावून वाचला असेल.

'समाप्त' छापलेलं नव्हतं. पस्तीस वर्षांत कधी खटकलं नाही. वाटायचं, लेखकाची पद्धत.

बुध., १२ नोव्हें.
सोळा पानं वाचली. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या मागच्या बाकावर.

माझ्या प्रतीत घर सोडून गेलेल्या मुलाचा बाप दार उघडं ठेवून बसतो. बोलावत नाही, शोधायला जात नाही. दार मात्र लावत नाही. संपलं. मला त्यात देवच दिसायचा. दार उघडं, हाक नाही, ज्याला यायचं तो येईल. या एका शेवटावर मी पुष्कळ दिवस काढलेत.

आता कळतंय की दुसऱ्या दिवशी सकाळी बाप उठतो. चपला घालतो आणि मुलाच्या गावी जातो. तिथे घराला कुलूप. मुलगा कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. शेजारीण पाणी देते. बाप पाणी पितो आणि विचारतो, तो इथे होता तेव्हा कसा होता? ती सांगायला लागते. तिथे संपतं.

बराच वेळ बाकावरून उठवेना.

आणि बोडखे काका. गेल्या वर्षी मी भर बैठकीत त्यांचं नाव घेऊन माझी प्रत वाचायला हातात दिली होती. आमच्यात पुस्तक असंच देतात. नाव घ्यायचं आणि त्यालाच का, ते सांगायचं. मी म्हटलं होतं, "काका, हे तुमच्यासाठी. यातला बाप वाट पाहतो. नुसती वाट पाहणं हेही मोठं काम आहे, म्हणून." सुषमाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, जावई जगदलपूरकडचा. काका दारात उभं राहून तिला नको ते बोलले. ती भिलाईला असते. गाडीने तासभर.

तेव्हा काका म्हणाले होते, "बसणं? बसणं जमते मले."

तेव्हापासून गुढ़ियारीतल्या त्यांच्या घराचं दार दिवसभर उघडं. शेजारी हसतात. एकदा बकरी शिरून भिजवलेली डाळ खाऊन गेली, तरी दार उघडंच. एक वर्ष. माझ्या अपुऱ्या पुस्तकापायी.

शनि., १५ नोव्हें.
एकादशी. उपास. संध्याकाळी गुढ़ियारीला जायचं ठरवून निघालो आणि बूढ़ा तालाबला दोन फेऱ्या मारून घरी परत. सौ.ने तोंड पाहूनच ओळखलं.

"गेले नाहीत ना?"
"उद्या जातो."
"उद्या उद्या करून आठवडा झाला. काका काय खाऊन राहिले तुम्हाला?"

ऋतुजा मोबाईलमधून डोकं वर न काढता, "पप्पा, स्टोरी ही तो है. फोन पे बोल दो न." तिला म्हटलं, फोनवर नाही सांगता येत. ती म्हणाली, "तो फिर जाओ." हेही खरंच.

झोपण्याआधी देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. काय मागावं तेच सुचेना.

रवि., १६ नोव्हें.
गेलो. सांगितलं. आता लिहिताना हात हलका वाटतोय.

दार उघडंच होतं. काका गुडघ्याला तेल चोळत बसलेले. मी पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पुस्तक अपुरं होतं, चूक माझी, सातवीतली. तुम्हाला वर्षभर बसवून ठेवलं. शेवट वेगळा आहे.

काकांचा हात तेलातच थांबला. मग पुन्हा चोळायला लागले.
"माहीत होतं मले."
"काय?"
"पुस्तक कमी आहे हे. बसा अगोदर. पडसान."

बसलो.

"चाळीस वर्षं रेल्वेच्या मालगोदामात काढले भाऊ. पोतं उचललं का हाताले समजते, माल कमी आला. तुमच्या पुस्तकाची शिलाई पाह्यली. मांगं दोऱ्याचं टोक मोकळं लटकून राहिलं. तिथं एक फॉर्मा असाच पाहिजे. पह्यल्याच दिवशी समजलं."
"मग बोलले काहून नाही?"

मीही त्यांच्यासारखाच बोलायला लागलो. घरची भाषा अशा वेळी आपोआप येते.

काका हसले. दात नाहीत पुढचे. "बोललो असतो तर तुम्ही पुरं पुस्तक आणलं असतं. मले उठा म्हणणारं पुस्तक नव्हतं पाहिजे. बसा म्हणणारं पाहिजे होतं. तुम्ही देल्लं. मी घेतलं. त्यात तुमचा काय गुन्हा?"
"पण मी दिलं नसतं तर..."
"तं गुडघा होताच ना!"

आणि इतके हसले की खोकला लागला. मी पाठ चोळून दिली. मग चहा झाला. त्यांनीच केला, मला उठू दिलं नाही. शेवट काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ट्रकवाले, महागाई, रामटेकेच्या मिलची नवी शिफ्ट, असं इकडचं तिकडचं.

परत येताना मालधक्क्याकडे ट्रकांची रांग होती. गर्दीत स्कूटर अडकली. एरवी वैताग येतो. आज उभा राहून हमालांच्या शिव्या ऐकल्या, गंमत वाटली.

मंगळ., १८ नोव्हें.
विशेष काही नाही. झोप चांगली लागते.

शरयूताईंचा फोन आला होता. त्यांना सांगितलं, काकांना आधीच कळलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या सगळ्यांत नीट वाचणारे तेच." खरं आहे. आम्ही गोष्ट वाचत होतो. त्यांनी शिलाईसुद्धा वाचली.

एक गोष्ट मनात राहिली आहे. दार उघडं ठेवणारा देव मला ओळखीचा होता. चपला घालून निघणारा देव असू शकतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

गुरु., २० नोव्हें.
काकांचा फोन. मी ऑफिसात, साहेब समोर.
"ते सोळा पानं आहेत का अजून तुमच्यापाशी?"
"आहेत. संध्याकाळी घेऊन येऊ?"
"नका आणू." फोन ठेवला.

रवि., २३ नोव्हें.
काका स्वतः आले. काठी टेकत, रिक्षाने. सौ.ने पोहे केले. लेकीच्या हातचे असल्यासारखे तीनदा मागून खाल्ले.

मग मला म्हणाले, "येत्या रविवारी भिलाईले जातो."

मी सौ.कडे पाहिलं, सौ. माझ्याकडे.

"पानं वाचून जाता का?" मी विचारलं. शरयूताईंची प्रत माझ्याकडेच आहे. त्या शेवटातलं कुलूप आठवलं.
"नाही. अगोदर जाऊन येतो, मंग वाचतो. नाही तं पुस्तकानं धाडलं असं होईल. बसलो तं पुस्तकाच्या नावानं, आता उठलो तरी पुस्तकाच्याच नावानं? माह्या नावानं काही तं होऊ द्या!"

सौ. तोंडाला पदर लावून हसली.

"तिले फोन करून जा ना काका," ती म्हणाली.
"नंबर नाही. पत्ता आहे. तिच्या मैत्रिणीनं देल्ला, दोन वर्षं झाले."

दोन वर्षांपूर्वीचा पत्ता. काका माझ्याकडे टक लावून पाहत होते. इतकी वर्षं मालाची तपासणी केलेला माणूस.

"एकच सांगा भाऊ. शेवट चांगला आहे का?"
खोटं बोलवेना. म्हटलं, "खरा आहे."
"म्हणजे चांगला नाही." काठी जवळ ओढली. "हव. बरं झालं. आता तेवढं भ्याव गेलं."

कसली भीती गेली, मला नीट कळलं नाही. त्यांना कळलं असावं.

गुरु., २७ नोव्हें.
संध्याकाळी काकांकडे. सुषमासाठी काय न्यावं यावर खल. चार वर्षांत काकांनी बैठकीत कुणालाही पुस्तक दिलेलं नाही, नेहमी घेतलेलंच. मला विचारलं, कोणतं देऊ? मी हात जोडले. म्हटलं, या वेळी मी सुचवणार नाही, एकदा सुचवलं ते पुरे.

मग काकांनी ट्रंकेतून रेल्वेचं जुनं वेळापत्रक काढलं. पानं पिवळी, कोपरे उंदरांनी खाल्लेले. "सुषमा अक्षरं यावरच शिकली. डोंगरगढ़, राजनांदगाव, दुर्ग... बोट ठेवून वाचे. शाळेतलं पुस्तक नव्हती वाचत पोट्टी, हे वाचे." वर्तमानपत्रात गुंडाळलं, सुतळी बांधली. सवयीची गाठ, पार्सलची.

रवि., ३० नोव्हें.
सकाळी काकांना स्टेशनवर सोडलं. धुवट पांढरा शर्ट, स्वेटर, दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. रेल्वेच्या पासवर निघाले. सीटवर बसल्यावर म्हणाले, "तुम्ही जा, ऊन लागते." नोव्हेंबरात कुठलं ऊन. गाडी सुटेपर्यंत थांबलो.

घरी येऊन पूजा केली. आज मागितलं. कुलूप नसू दे, एवढंच. मग वाटलं, फार मागितलं का? मग वाटलं, असू दे.

दुपारी दीडला फोन. मागे कुकरच्या शिट्टीचा आणि मुलांचा आवाज.
"गल्लीत आलो. तिसरं घर म्हणतात. आता जातो."
"काका, सांभाळून..."
फोन बंद.

नंतर काही नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. सौ. म्हणाली, राहू द्या आता, त्रास नका देऊ. ऋतुजा चक्क मोबाईल बाजूला ठेवून बसली होती. "अंकल पहुँच गए क्या?" तीनदा विचारलं.

परतीची गाडी संध्याकाळची. रामटेकेला सुट्टी होती, तो स्टेशनवर जाऊन उभा राहिला. सातला त्याचा फोन. "भाऊ, पूरी गाडी खाली झाली. काका नाही उतरले."

याचे दोन अर्थ होऊ शकतात, हे मला कळतं: सुषमाने ठेवून घेतलं, नाही तर दाराला कुलूप पाहून काका पुढे शोधत निघाले. रामटेकेलाही कळलं असावं. तरी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. ते का, हे मी आज स्वतःला विचारणार नाही.

सौ.ने स्वयंपाकघरातून हाक मारली. काका अजून येतील तर दोन पोळ्या जास्त लाटून ठेवू का?
म्हटलं, नको लाटू.